देवीसाठी राखलेले केस

बेळगाव ओलांडलं की परदेश सुरू होतो, असं माझ्या आईचं ठाम मत होतं. मी बंगलोरला नोकरीला लागलो तेव्हा शेजारच्या बायकांना ती "थोरला परदेशात असतो" असंच सांगायची. तिची चूक दुरुस्त करावी असं मला कधी वाटलं नाही, कारण सुरुवातीची काही वर्षं मलाही तसंच वाटत असे. सरकारी कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात काम, कारखान्याच्याच कॉलनीत दोन खोल्यांचं घर, ऑफिसात इंग्रजी आणि घरी मराठी. कानडी मला भाजी घेण्यापुरती येई. भाजीवाली भाव सांगायची, मी "सरी", म्हणजे बरं, म्हणायचो आणि पिशवी पुढे करायचो. एवढ्या भांडवलावर मी तिथल्या मुलांची सेवा करायला निघालो होतो.

कॉलनी अजून पुरी बांधून झालेली नव्हती. मागच्या बाजूला नव्या क्वार्टर्सचं काम चालू होतं आणि त्यावरच्या मजुरांच्या झोपड्या तिथेच रांगेने उभ्या होत्या. नारळाच्या झावळ्या आणि फाटकी ताडपत्री. कारखान्यात जायची माझी वाट तिथूनच होती. बायका डोक्यावरून विटा वाहत असत, झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळ्यांत तान्ही मुलं झोपलेली असत आणि त्यांच्यापेक्षा जराशी मोठी मुलं वाळूच्या ढिगावर बसून आमच्याकडे बघत. माझ्या सायकलला जेवणाचा डबा लटकवलेला असे. त्या मुलांची मला कणव आली असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे त्यांच्यासमोरून रोज जाण्याचा मला त्रास होई, आणि तो कमी व्हावा म्हणून काहीतरी करावंसं वाटे. पुढे जे झालं त्याचं मूळ यातच होतं, असं मला आता वाटतं.

रविवारी कॉलनीतला सायकल स्टँड रिकामा असे. तिथे या मुलांसाठी एक वर्ग चालायचा. कारखान्यात आलेल्या कुणा परदेशी तंत्रज्ञाच्या पत्नीने तो सुरू केला होता. ती मायदेशी परतल्यावर तो आम्हा चार-पाच मराठी तरुणांकडे आला. आम्ही अंक शिकवत असू, चित्रं काढून घेत असू, हातपाय धुवायला लावत असू आणि शेवटी शेंगदाणे-गूळ वाटत असू. शेवटच्या भागाला हजेरी सगळ्यात जास्त असे.

आमच्यात कानडी नीट येणारं एकच माणूस होतं. चिकपेटमधल्या एका कापडवाल्या मराठी घरातल्या प्रौढ विधवा बाई. त्यांची लेक आमच्या कॉलनीत राहत होती. रविवारी त्या लेकीकडे यायच्या आणि तिथून वर्गात. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्या घराण्याला बंगलोरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की आपलं मूळ गाव कोणतं हे त्यांना सांगता येत नसे. त्यांची मराठी आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्हाला हसू आलं होतं. त्यांना आमची ऐकून आलं असावं.

"स्वल्प सरकून बस की रे," त्या मुलांना म्हणायच्या आणि मुलं सरकायची. मला म्हणायच्या, "तम्मा, तू शिकवतोस का कारखान्याची हजेरी घेतोस? जरा हसून बोल. पोरं भितात तुला." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. असं हाक मारणारं त्या गावात मला दुसरं कुणी नव्हतं.

त्या वर्षी थंडीत कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी वर्गाला भेट देणार, मुलांना स्वेटर वाटणार असं ठरलं. आम्हाला एकदम मुलं फार मळकी दिसायला लागली. डोक्यात उवा तर होत्याच. त्यांच्या भेटीच्या आदल्या रविवारी मी कॉलनीतल्या न्हाव्याला बोलावलं. ही कल्पना माझीच, न्हावी आणलाही मीच. अक्का त्या रविवारी कुणाच्या तरी लग्नाला गेल्या होत्या.

मुलांना आम्ही ओळीने बसवलं. जो तो "बेडा, बेडा" म्हणत होता. बेडा म्हणजे नको, एवढं मला कळत होतं. न्हाव्यापुढे बसलेलं कोणतं मूल नको म्हणत नाही? रांगेत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ असायचा, तीनेक वर्षांचा. तिला तो पेलत नसे, पण ती त्याला खाली ठेवत नसे. त्या मुलाचे केस कमरेपर्यंत आले होते. त्यांची घट्ट वेणी घातलेली होती आणि वेणीला लाल दोरा बांधलेला होता. मुलगी त्याच्या डोक्यावर दोन्ही हात धरून उभी राहिली. तीही बेडा म्हणत होती, फक्त इतरांपेक्षा जास्त वेळा. मी तिचे हात बाजूला केले, तिच्या मुठीत पेपरमिंटची गोळी दिली आणि मुलाला न्हाव्यापुढे बसवलं. मशीनच्या गुदगुल्यांनी तो हसायला लागला. मुलगी रडायला लागली. आमच्यातला एकजण म्हणाला, "हिला वाटतंय हिचेही कापणार." सगळे हसलो.

उवांचे केस इकडेतिकडे उडू नयेत म्हणून आम्ही ते पत्र्याच्या डब्यात गोळा केले, त्यावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. वासाने डोकं दुखलं. घरी आल्यावर मी आंघोळ केली आणि आज काहीतरी ठोस काम झालं असं बायकोला सांगितलं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं आणि तिला दिवस गेले होते. उलट्यांमुळे ती त्या दिवसांत वर्गाला येत नसे.

संध्याकाळी दारात एक बाई उभी राहिली. कडेवर तो मुलगा, मागे त्याची बहीण. अंगावरची सिमेंटची धूळही तिने धुतली नव्हती. ती भांडायला आली असेल म्हणून मी आवाज चढवायची तयारी करूनच बाहेर आलो. पण ती भांडली नाही. तिने मुलाच्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला, मग तोच हात माझ्यापुढे उघडा धरला. केस मागत होती. मी काडी ओढल्याची खूण केली. ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि मग तिथेच पायरीवर बसली. बायकोने तिला पाणी आणून दिलं. ते तिने घेतलं नाही. थोड्या वेळाने उठली आणि मुलाला घेऊन गेली.

"तुम्ही काहीतरी भलतंच करून बसलाय," बायको म्हणाली.

"अगं, केस आहेत. वाढतील."

"ती केसांसाठी अशी बसली का?"

पुढच्या रविवारी साहेबांच्या पत्नी आल्या तेव्हा सायकल स्टँडमध्ये एकही मूल नव्हतं. स्वेटरचा गठ्ठा तसाच परत गेला. अक्का आल्या, रिकामा स्टँड पाहिला, कुणाला काही न विचारता झोपड्यांकडे गेल्या आणि बऱ्याच वेळाने परतल्या.

"त्याचे केस कुणी कापले?"

"मी कापवले."

"तुझं जावळ काढलं नव्हतं का रे लहानपणी?"

"काढलं होतं."

"कुठं?"

"कुलदैवताला. मामाच्या मांडीवर बसवून."

"मग?" अक्का म्हणाल्या. "तुला तेवढा मामा आणि देव. त्यांना नाही?"

या बाईचे आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. हा झाला तेव्हा तिने तिच्या गावच्या देवीला बोलून ठेवलं होतं, की याला जगव, याच्या केसांना कुणाचा हात लागू देणार नाही, पहिले केस तुझ्याच पायाशी काढीन. ते जत्रेत काढायचे होते. जत्रा तोंडावर आली होती, मुलाचा मामा येणार होता. आणि आता ते केस उवांच्या केसांबरोबर रॉकेलमध्ये जळाले होते.

"केस तरी ठेवायचे होतेस," अक्का म्हणाल्या. "केस असते तर नेऊन वाहिले असते, समजूत घातली असती. जाळायला कशाला गेलास?"

हे सगळं मला ठाऊक असायला हवं होतं. मी कुठल्या वेगळ्या संस्कृतीतून आलो नव्हतो. आमच्या घरात माझं जावळ पाच वर्षं राखलेलं होतं, त्याचा फोटो आईच्या पेटीत होता. तरीही त्या मुलाची ती नीटनेटकी वेणी, तो लाल दोरा पाहून मला काहीच आठवलं नाही. आमच्यातल्या मुलाचे केस वाढतात ते देवासाठी आणि गरिबाच्या मुलाचे वाढतात ते दुर्लक्षाने, असं मी न बोलता धरून चाललो होतो.

अक्का मला त्याच दिवशी त्या बाईच्या झोपडीत घेऊन गेल्या. नवरा दुसऱ्या बांधकामावर होता. ती चुलीपुढे बसली होती. मुलगा कडेवरच. अक्कांनी मला नंतर सांगितलं, त्या रविवारपासून तिने त्याला जमिनीवर टेकू दिलेलं नव्हतं. विटा वाहतानाही त्याला पाठीशी बांधायची. मुकादम ओरडला तरी तिने ऐकलं नाही.

मी एकेक गोष्ट पुढे करू लागलो. पूजेचा सगळा खर्च मी करतो. मुलाला कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवतो, दर महिन्याला. अक्का भाषांतर करत होत्या, ती नकाराची मान हलवत होती. शेवटी मी म्हणालो, त्याच्या बदली माझे केस देतो. हे बोलताना माझा आवाज जड झाला होता. आमच्याकडे वडील हयात असताना मुलगा डोकं भादरत नाही, त्यामुळे हा मला फार मोठा त्याग वाटत होता.

अक्कांनी सांगताच ती बाई पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून काहीतरी बोलली. अक्का हसू दाबत म्हणाल्या, "ती म्हणते, सारच्या, म्हणजे साहेबाच्या, केसांचं देवी काय करणार? तू तिचा कोण लागतोस?"

"मग तिला काय हवंय?"

दोघी बराच वेळ बोलल्या. अक्कांचं हसू गेलं होतं.

"देवीला वाटत असणार की हिनं बोलून फसवलं. तर तू येऊन देवीपुढं सांगायचं, की कापले ते तू. हिनं नाही. म्हणजे जो राग असेल तो या पोरावर यायचा नाही."

"कुणावर येईल?"

"ज्यानं कापले त्याच्यावर. त्याच्या घरावर." अक्का उठल्या. "तू सायन्सवाला माणूस. तुला कसली भीती?"

मला भीती नव्हती. देव मी कॉलेजातच सोडला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. मी लगेच हो म्हणालो. घरी आल्यावर बायकोला एवढंच सांगितलं, की पुढच्या रविवारी त्या बाईच्या गावी माफी मागायला जायचंय. उरलेलं सांगितलं नाही. तिला उगाच काळजी नको, असं मी स्वतःला सांगितलं. भीती नसलेल्या माणसाला ते लपवावं का लागलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

"जा," ती म्हणाली. "आणि नीट मागा. तुमच्या ऑफिसातल्यासारखं इंग्रजीत सॉरी म्हणून येऊ नका."

आम्ही मार्केटातून होसूर रोडच्या बसने निघालो. ती, मुलगा, मुलगी, अक्का आणि मी. बोम्मसंद्रा तेव्हा रस्त्यालगतचं एक लहान खेडं होतं. तिथे उतरून नाचणीच्या शेतांच्या बांधावरून बरंच चालावं लागलं. अक्का धापा टाकत होत्या आणि मला बोल लावत होत्या. "तुझ्यापायी या वयात मला डोंगर-दऱ्या." डोंगर कुठेच नव्हता. ती बाई मुलाला कडेवर घेऊन पुढे चालत होती. मी एकदा त्याला घेऊ का म्हणून हात पुढे केले तर तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.

देऊळ म्हणजे तळ्याच्या काठी कडुनिंबाखाली एक बुटकं दगडी घर होतं. आत हळदीने माखलेला दगड, त्याला पितळी डोळे. पुजारी तिच्या नात्यातलाच होता. त्याने नारळ फोडला, कापूर लावला आणि मला पुढे यायला सांगितलं. मी चप्पल काढून उंबऱ्यापाशी उभा राहिलो. काय बोलायचं ते मनात तयार होतं. आमच्या चुकीबद्दल खेद वाटतो, अशा धर्तीचं काहीतरी.

तेवढ्यात तिने अक्कांना काही विचारलं.

"तुला पोरं किती, विचारते," अक्का म्हणाल्या.

"अजून नाही."

अक्का थांबल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या उत्तरापेक्षा लांब होतं. त्यांना माझ्या घरचं ठाऊक होतं. आठच दिवसांपूर्वी त्यांनी माझ्या बायकोसाठी कैरीचं लोणचं आणून दिलं होतं.

ती बाई माझ्याकडे वळली. "बेडा," ती म्हणाली. मग पुजाऱ्याला म्हणाली, बेडा. मला हाताने मागे सारलं. अक्कांना भाषांतर करायची गरज पडली नाही, तरी त्यांनी केलं. "म्हणते, पोटुशी बाई आहे घरात, तर नको बोलूस. ती स्वतःच बघून घेईल देवीशी. पुढच्या वर्षी परत वाढवून आणीन, कोंबडा देईन म्हणते."

ती दगडापुढे बसली. मुलाचं डोकं तिने छातीशी धरलं होतं आणि ती भराभर काहीतरी बोलू लागली. विनवणी असावी.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. देव नाही असं मानणाऱ्या मी त्या क्षणी छातीवरचं ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला. आणि लगेच तो श्वास मला कळला. ज्या बाईची दोन मुलं गेली होती तिने मला सोडून दिलं होतं, आणि मी ते घेतलं होतं. त्यातलं दुसरं मला सहन झालं नाही, की पहिलं, मला सांगता येत नाही. मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "मुलाचे केस मी कापले. हिने नाही कापले. काय राग असेल तो माझ्यावर आणि माझ्या घरावर."

मराठीत म्हणालो. तिने अक्कांकडे पाहिलं.

अक्का खोटं सांगतील असं मला एकदा वाटलं. पण त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. ती बाई "अय्यो" म्हणून कपाळावर हात मारून घेत उठली आणि मला बोलायला लागली. एवढी ती आजवर माझ्याशी बोलली नव्हती. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, त्याचा अर्थ वेडा, हे मला नंतर कळलं. बोलता बोलता तिने देवीपुढचं कुंकू चिमटीत घेतलं, कडुनिंबाच्या पानांत गुंडाळलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात कोंबलं.

"बायकोला लावायला सांगते," अक्का म्हणाल्या. "रोज. मूल होईपर्यंत."

परतताना तळ्याच्या बांधावर तिने मुलाला खाली सोडलं. सहज, न बघता, जसं कुणी हातातली पिशवी खाली ठेवतं. तो जरा वेळ उभा राहिला आणि मग बहिणीच्या मागे पळत सुटला. एकदा पडला. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी मात्र त्याच्यावरून नजर काढत नव्हतो. ती जे इतके दिवस कडेवर घेऊन फिरत होती ते आता माझ्याकडे आलं होतं. सायन्सचा काही उपयोग होत नव्हता.

बसची वाट बघताना अक्का माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मीच म्हणालो, "मला राहवलं नाही, अक्का."

"बायकोला विचारलंस?"

"काय?"

"तिच्या पोटातलं देवीपुढं ठेवलंस. तिला विचारलंस का?"

"पण मी हे मानत नाही."

"मग नुसतं तोंडदेखलं बोललास? त्या बाईला फसवलंस?" अक्कांनी पदर डोक्यावर ओढला. "ती नको म्हणाली तिथं गप बसायचं होतं. चांगलं कुणाचं करायला निघतोस तू, तम्मा? पोराचं का तुझं?"

बस आली. अक्कांनी खिडकीची जागा घेतली आणि मार्केटात उतरल्यावर त्या थेट चिकपेटच्या वाटेला लागल्या.

घरी पोचलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. माझ्या खिशावर लाल डाग पडला होता. "हे काय?" तिने विचारलं. पुडी काढून दिल्यावर सगळं सांगावंच लागलं. झोपडीतलं बोलणं, देवळातलं बेडा, मग मी काय म्हणालो ते. ती ऐकत होती आणि तिचा हात तांदळात तसाच थांबला होता.

"तुम्ही देव मानत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तिच्याशी खोटं बोललात. आणि मनात कुठेतरी मानत असाल, तर माझं मूल पणाला लावून आलात." तिचा आवाज चढला नव्हता. "यातलं कुठलं ते सांगा. मला दोन्ही चालेल. पण एक काहीतरी सांगा."

मी म्हणालो, "मला फार अपराधी वाटत होतं."

"वाटत होतं ना? मग तुम्ही वाटून घ्यायचं होतं. आम्हाला कशाला वाटा?"

ती पुडी घेऊन आत गेली. कुंकू लावलं तर माझं बोलणं खरं धरल्यासारखं होणार आणि नाही लावलं तर मनाला चैन नाही, अशा पेचात मी तिला टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कपाळावर नेहमीच्या टिकलीच्या वर बारीक लाल रेघ होती. त्याबद्दल आम्ही बोललो नाही. सातव्या महिन्यात तिचा भाऊ तिला माहेरी मिरजेला घेऊन गेला. गाडी सुटताना ती मला जेवणाखाण्याचं सांगत होती, दुधवाल्याचं सांगत होती. त्याबद्दल तेव्हाही नाही.

वर्ग पुन्हा भरू लागला. मुलं परत आली, ती मुलगीही आली. तिचा भाऊ आता तिच्या मागे आपल्या पायांनी चालत यायचा. त्याच्या डोक्यावर काळी लव उगवू लागली होती. ती बाई वाटेत दिसली की विटांखालून मान न वळवता "सार" म्हणायची आणि पोटावर हात फिरवून भुवया उंचावायची. घरची खबर काय, असा अर्थ. मी मान डोलवायचो, सगळं ठीक. पोस्टमन दिसला की मी सायकलवरून उतरायचो. ऑफिसात रेघा चुकायच्या. मुलाला एकदा ताप आला तेव्हा ती निर्धास्त होती आणि मी दिवसातून दोनदा जाऊन त्याच्या कपाळाला हात लावून येत होतो. तो बरा झाला तर माझ्या घरी काही होईल आणि तो बरा झाला नाही तरी होईल, असा काहीतरी हिशोब माझ्या डोक्यात चालू असे. त्याला अर्थ नव्हता, हे मला त्या वेळीही कळत होतं.

मुलगी झाल्याची तार उन्हाळ्यात आली. दोघी सुखरूप. मी ती तार घेऊन आधी झोपड्यांकडे गेलो. ती बाई वाळू चाळत होती. मी हाताने पाळणा हलवल्याची खूण केली. तिने चाळणी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढून बोटं मोडली. तिथली बाकीची माणसं हसत होती.

बायको मुलीला घेऊन आली ती पावसाळा संपता संपता. स्टेशनवर तिने मला पहिलं विचारलं ते, "तो मुलगा?"

"बरा आहे. सकाळीच पाहून आलो. केस कानापर्यंत आलेत."

"जत्रा कधी आहे?"

"थंडीत."

"मी येणार आहे," ती म्हणाली, आणि मग मुलीच्या तोंडावरचं पांघरूण बाजूला केलं.

मी म्हणालो, एवढ्या लहान मुलीला घेऊन बसने, बांधांवरून कशाला. तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कॉलनीतल्या मैत्रिणींनी समजावलं, तिने त्यांचंही ऐकलं नाही. अक्का मात्र म्हणाल्या, "येऊ दे तिला. तिचं काम आहे तिथं."

जत्रेत गर्दी होती. ढोल वाजत होते, कडुनिंबाच्या डहाळ्या नेसलेल्या बायका तळ्यात डुबकी मारून ओलेत्याने येत होत्या. मामा पागोटं बांधून बसला होता आणि मुलगा त्याच्या मांडीवर. केस फार लांब नव्हते, पण वस्तऱ्याखाली पडले तेव्हा त्यांचा लहानसा ढीग झाला. बाईने तो पदरात गोळा केला, आत नेला आणि देवीच्या पायाशी ठेवला. मग ती बाहेर येऊन माझ्या बायकोपुढे उभी राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईने मुलीसाठी हात पुढे केले, माझ्या बायकोने मुलगी तिच्याकडे दिली आणि रिकाम्या हातांनी देवळात गेली. मी मागून निघालो तर तिने वळून पाहिलं. मी उंबऱ्याबाहेर थांबलो.

ती दगडापुढे बसली. ढोलांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण तिचे ओठ हलत होते. बराच वेळ बोलत होती. एकदा तिने मान हलवली, जशी कुणाशी मतभेद असताना हलवते. मग कपाळ टेकवून बाहेर आली, त्या बाईकडून मुलीला घेतलं आणि चपला शोधू लागली.

"काय बोललीस?" मी विचारलं.

"तुम्हाला विचारून बोलायला हवं होतं का?" ती म्हणाली, आणि मुलीला खांद्यावर टाकून अक्कांच्या मागे चालू लागली.